चवदार तळे परिसर, महाड

महाराष्ट्राच्या रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील महाड शहराच्या मध्यवस्तीतील एक सार्वजनिक तळे व त्याभोवतीचा परिसर. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या प्रतिनिधींनी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या नेतृत्वाखाली या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या घटनेमुळे हे स्थळ भारताच्या सामाजिक इतिहासात प्रसिद्धीस आले. सत्याग्रहाचा राजकीय वृत्तांत बहुतेकांस परिचित आहे. त्या मानाने, एका बाजारगावातील सवर्ण वस्तीने वेढलेला हा भाग पुढील नव्वदाहून अधिक वर्षांत लोकांच्या येण्याजाण्याने एका मोठ्या सांस्कृतिक परिसरात कसा रूपांतरित झाला, या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. नगररचनेच्या परिभाषेत ज्याला आज लोकप्रेरित सांस्कृतिक परिसर म्हटले जाते, त्याचे महाड हे एक जुने उदाहरण होय. मात्र येथे आराखडा आधी आणि माणसे नंतर असा क्रम नव्हता. माणसे प्रथम आली. तळ्याचे सुशोभन, पुतळा, स्तंभ, सभागृह हे सर्व त्यांच्या मागून आले.

महाड हे सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पात्राने गलबते व पुढे आगबोटी दासगावपर्यंत येत. घाटमाथ्याकडे वरंधा घाटाने भोरकडे आणि पोलादपूरवरून महाबळेश्वराकडे वाटा जात. पोलादपूर–महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळीचा (फिट्झगेराल्ड) घाट १८७६ मध्ये पूर्ण झाला. समुद्राचा माल घाटावर आणि घाटावरचा माल समुद्राकडे नेणाऱ्या या वाटांच्या सांध्यावर महाडचा बाजार वाढला. गावाच्या वायव्येस असलेली गांधारपाले येथील बौद्ध लेणी या व्यापारी मार्गाचे प्राचीनत्व सुचवितात. रायगड किल्ल्याच्या सान्निध्यामुळे शिवकालात आणि १७९६ मध्ये नाना फडणीस येथे मुक्कामास असता झालेल्या महाडच्या तहामुळे उत्तर पेशवाईत हे नाव राजकीय इतिहासातही आले. वीरेश्वर हे गावाचे आराध्य दैवत असून त्याच्या छबिन्याच्या उत्सवास आसपासच्या गावांतील देवतांच्या पालख्या महाडला येतात. म्हणजे वर्षातून एकदा परिसरातील गावांनी आपापले मान घेऊन महाडात जमावे, ही प्रथा येथे मुळातच होती. पुढे जे घडले ते समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

तळ्याची जागा हाच या इतिहासाचा गाभा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्याचे क्षेत्र चार ते पाच एकर दिले आहे. पावसाचे पाणी व काही नैसर्गिक झरे यांवर ते भरते. त्याच्या बाजू बांधून काढलेल्या होत्या. काठाला लागून खाजगी मालकीच्या जमिनीच्या अरुंद पट्ट्या, त्यांच्या पलीकडे चोहो बाजूंनी जाणारा नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे प्रामुख्याने सवर्ण हिंदूंची घरे, अशी त्याची रचना होती. बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळण्याचे गावातील सार्वजनिक ठिकाण हेच होते. तथापि अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नसे. त्यांच्यासाठी गावाच्या मध्यापासून दूर, अस्पृश्यांच्या वस्तीत एक विहीर होती व नगरपालिकेने हेळसांड केल्यामुळे तीही गाळाने भरलेली असे. अडचण केवळ महाडमधील थोड्या अस्पृश्य कुटुंबांची नव्हती. महाड हे तालुक्याचे ठाणे व बाजारपेठ असल्याने खेड्यापाड्यांतील महार गावकामगार म्हणून कचेरीत सरकारी टपाल पोचविण्यास व वसुलाचा भरणा करण्यास येत; बाजारहाटासाठी येणारे वेगळेच. डोंगराळ पोलादपूर भागातून सकाळी निघालेला माणूस उन्हातान्हात महाडला पोचे, आणि तहान लागली म्हणजे गावाच्या मध्यभागी तळे भरलेले असता त्याला गावाबाहेरची वाट धरावी लागे. चवदार हे नाव पाण्याच्या गोडीमुळे पडलेले. ती गोडी कोणी चाखावी हे मात्र रस्त्यापलीकडच्या घरांनी ठरवून टाकलेले होते.

कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील महार समाजात ब्रिटिश सैन्यातील नोकरीमुळे एकोणिसाव्या शतकात शिक्षण व पेन्शन यांचा काहीसा प्रसार झाला होता. महाडजवळच्या रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर अस्पृश्यता निवारणाच्या कार्यात पडले व १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नियुक्ती झाली. एका अस्पृश्य सभासदाने बोर्डाच्या बैठकीत बसावे यावरून त्या वेळी मोठा गदारोळ उठला. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे (ता. मंडणगड) हे सावित्रीच्या दक्षिणेस, रत्नागिरी जिल्ह्यात आहे. मुंबईच्या गिरण्या, गोदी व रेल्वे यांत काम करणारे कोकणातील हजारो महार कामगार सणासुदीला आगबोटीने गावी येत व मुंबईतील सभांच्या बातम्या सोबत आणीत. गाव आणि मुंबई यांच्यातील हे दळणवळण महाडच्या घटनेची पूर्वअट होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दासगावशी संबंध असलेले तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–७२) हे या दुव्याचे मूर्त रूप होत. महाडला परिषद भरवावी व तिला आंबेडकरांना आणावे, हा आग्रह प्रामुख्याने त्यांचा होता.

कायद्याची बाजूही तयार होत होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने तो अंमलात आणण्याबाबत खात्यांना कळविले. त्यास अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे एकही अस्पृश्य तळ्याकडे फिरकला नाही. कागदावर सार्वजनिक झालेली जागा प्रत्यक्षात सार्वजनिक होण्यास कोणीतरी त्या रस्त्याने चालत जावे लागते, ही गोष्ट या तीन वर्षांच्या रिकामपणाने जितकी स्पष्ट केली तितकी ती पुढच्या कोणत्याही भाषणाने केली नसेल.

परिषदेची सिद्धता मोरे यांच्यासह अनंतराव विनायक चित्रे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस आणि मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी केली. यांपैकी चित्रे, टिपणीस व सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजातील होते. त्यांतही टिपणीसांसारखा स्थानिक पुढारी बरोबर असल्याने परिषदेला गावात शिरण्याचा मार्ग मिळाला. परिषद वीरेश्वर नाट्यगृहात भरली. ज्या गावात प्रतिनिधींच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, त्याच गावाच्या नाट्यगृहात ही सभा व्हावी, हा तपशील सूचक आहे. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण करून देऊन तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. मग सर्व प्रतिनिधी रांगेने बाजारातून निघाले व तळ्यावर पोहोचले. प्रथम डॉ. आंबेडकरांनी व नंतर इतरांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. हा सर्व प्रकार शिस्तीत व शांततेने पार पडला.

प्रतिक्रिया उमटली ती तळ्यावर नव्हे, तर देवळाच्या नावाने. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा गावात पसरविण्यात आली आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत बसलेल्या व वाटेस लागलेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. अनेकांनी मुसलमानांच्या घरांचा आसरा घेतला. सरकारी बंगल्यात जमलेल्या आपल्या अनुयायांना आंबेडकरांनी प्रतिकारापासून परावृत्त केले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना जून १९२७ मध्ये जिल्हा न्यायदंडाधिकाऱ्यांनी चार महिने सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली. इकडे तळे बाटले असे ठरवून त्याची शुद्धी करण्यात आली. त्यासाठी दही, दूध, गोमूत्र व शेण यांचे घडे मंत्रघोषात पाण्यात रिकामे करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला. बोले यांचा ठराव संमत झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. ३ एप्रिल १९२७ पासून आंबेडकरांनी सुरू केलेल्या बहिष्कृत भारत या पाक्षिकातून महाडच्या प्रश्नाची सविस्तर चर्चा होत राहिली आणि २५ डिसेंबरपासून सत्याग्रह करण्याचे ठरले.

डिसेंबरची परिषद आधीच्या परिषदेहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी होती. या वेळी गावात कोणीही जागा देईना व व्यापारी माल विकेनात. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली व तेथे मंडप पडला. धान्य बाहेरून आणून साठविण्यात आले. मुंबईची मंडळी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ आगबोटीने निघून दुसऱ्या दिवशी दासगावास उतरली व तेथून पायी महाडला आली. १२ डिसेंबर रोजी सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात डॉ. आंबेडकर व इतरांविरुद्ध दावा दाखल करून, तळे ही आपली मालमत्ता असल्याचे सांगत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. त्यामुळे सरकारशी नव्हे तर न्यायालयाच्या हुकमाशी गाठ पडली. आंबेडकरांनी परिषदेचे प्रास्ताविक करताना १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि केवळ पाणी पिणे हा हेतू नसून समतेचा पाया घालणे हा आहे, असे प्रतिपादन केले. त्याच रात्री सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मंडपासमोर मनुस्मृतीचे दहन करण्यात आले, ठरावास पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिले होते. पुढे जिल्हाधिकाऱ्यांशी झालेल्या बोलण्यानंतर व न्यायालयाचा मान राखण्याच्या विचाराने सत्याग्रह तहकूब झाला. पाण्याला कोणी हात लावला नाही, परंतु हजारोंची मिरवणूक गावातून निघून तळ्याला वळसा घालून परत आली.

या प्रदक्षिणेचे महत्त्व बहुधा दुर्लक्षिले जाते. मार्चमध्ये परिषद गावात होती व हल्ला होऊन ती विखुरली. डिसेंबरमध्ये तिला गावाबाहेर राहावे लागले, पण ती शिस्तबद्ध रीतीने गावातून फिरून आली. मंडपाची जागा आणि तळ्याची जागा अशी दोन केंद्रे आणि त्यांना जोडणारा मिरवणुकीचा रस्ता, असा एक आकार येथे तयार झाला. आजचा महाडचा सांस्कृतिक परिसर बहुतांशी याच आकारावर उभा आहे. परिषदेच्या अखेरीस आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण करून जातीची खूण दाखविणारी लुगडी नेसण्याची पद्धत व जड दागिने सोडण्याचा सल्ला दिला. तो तिथल्या तिथे अंमलात येऊन अनेक स्त्रियांच्या नेसण्यात लगेच फरक पडल्याचे वृत्तांत आहेत. याच मुक्कामात त्यांनी महाडजवळची बौद्ध लेणी व रायगड किल्ला पाहिला. लेण्यांचे हे सान्निध्य १९५६ नंतर नव्या अर्थाने उजळले.

दावा दहा वर्षे चालला. त्याचे वादविषय वाचताना, प्रश्न पाण्यापेक्षा परिसराच्या मालकीचा होता हे जाणवते. वादींचे म्हणणे असे की, हे तळे चौधरी तळे या नावाने सवर्ण हिंदूंच्या पूर्वापार एकहाती वहिवाटीत असून अस्पृश्यांना तेथून वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे. महाडच्या दुय्यम न्यायाधीशांनी ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला. ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी ३० जानेवारी १९३३ रोजी आणि उच्च न्यायालयाच्या न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांच्या खंडपीठाने १७ मार्च १९३७ रोजी तोच निर्णय कायम केला. तळ्याची जागा सरकारी असून ती नगरपालिकेकडे निहित आहे, हे मान्य झाले. अस्पृश्य तळ्यावर येत नसत हे जरी खरे असले, तरी त्यावरून त्यांना रोखण्याची अनादी रूढी सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे तर्कशास्त्र होते. जेथे कोणी जाण्याचा प्रयत्नच केला नाही तेथे अटकाव झाला असे कसे म्हणावे, असा त्याचा मथितार्थ. निकाल प्रतिवादींच्या बाजूने लागला खरा. परंतु तो समतेच्या तत्त्वावर नव्हे, तर पुराव्याच्या अभावावर उभा होता. तत्त्वाचा भाग २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाने पुरा केला. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा नामनिर्देश करून कोणालाही त्यांच्या वापरापासून वंचित ठेवण्यास मनाई केली आहे. बोले यांच्या ठरावातील यादी आणि ही यादी शेजारी ठेवून वाचल्यास मधल्या सत्तावीस वर्षांचा धागा दिसतो. दरम्यान १९३७ च्या निवडणुकीत चित्रे व टिपणीस हे दोघेही स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेवर निवडून आले होते.

येथवरचा भाग न्यायालयीन व राजकीय इतिहासाचा होय. यापुढील भागाची कागदपत्रे विरळ आहेत, कारण तो अर्ज, ठराव व निकाल यांच्यापेक्षा गाणी, पत्रके, दिनदर्शिका आणि एस. टी.च्या फेऱ्या यांत विखुरलेला आहे. २० मार्च व २५ डिसेंबर हे दोन दिवस पाळण्याची प्रथा कोणा एका संस्थेने घालून दिली नाही. कोकणातील बहुतेक प्रत्येक गावाच्या महार व पुढे बौद्ध वस्तीचे मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ असे. त्याची वर्गणी, त्याची भांडी, त्याची भजनी वा शाहिरी मंडळी असत. या मंडळांच्या जाळ्याने महाडचे स्मरण टिकविले. नाशिकच्या भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी रूढ केलेल्या आंबेडकरी जलशांत आणि नंतरच्या भीमगीतांत चवदार तळ्याचा प्रसंग कायमचा विषय झाला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत १९२७ चा इतिहास पोहोचला तो या मार्गाने. तमाशाच्या घाटाचा आधार घेऊन त्यातील गण-गौळण टाकून देणाऱ्या या जलशांनी पोवाडा व संवाद यांतून तळे, काठ्या खाल्लेले प्रतिनिधी आणि न्यायालय रंगमंचावर आणले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर महाडच्या मेळाव्याचे रूप बदलले. त्रिशरण-पंचशील, निळा ध्वज व बौद्ध धम्मध्वज, भिक्षूंची उपस्थिती यांमुळे मूळच्या नागरी हक्काच्या कृतीला वंदनेची जोड मिळाली. यात एक विसंगती आहे, असे काही भाष्यकारांना वाटते. त्यांच्या मते ज्या कृतीने पाण्याचे पावित्र्य व विटाळ ही कल्पनाच नाकारली, तिच्याच जागी आता पाण्याला तीर्थाचे रूप येऊ पाहत आहे. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. तथापि तळ्याच्या काठी उभे राहून ओंजळभर पाणी घेणारा माणूस पुण्य जोडण्यासाठी ते घेतो असे क्वचितच दिसते. आपल्या पणजोबास जे करताना मार खावा लागला ते आपण उघडपणे करीत आहोत, ही भावना त्यामागे अधिक असते. दीक्षाभूमी (नागपूर), चैत्यभूमी (दादर) व कोरेगाव भीमा येथील मेळाव्यांच्या तुलनेत महाडचे वैशिष्ट्य हेच की, येथे नमस्कारापेक्षा कृतीची पुनरावृत्ती हा मेळाव्याचा मध्य असतो.

या मेळाव्यांनी परिसराला जे दिले त्यात पुस्तकांचा वाटा मोठा आहे. मेळाव्याच्या दिवशी रस्त्याच्या कडेने फळ्या टाकून वा जमिनीवर प्लास्टिक अंथरून पुस्तकांची दुकाने लागतात. त्यांत आंबेडकरांची भाषणे व ग्रंथ, फुले यांचे वाङ्मय, संविधानाच्या प्रती, छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिका, भीमगीतांच्या चोपड्या व दिनदर्शिका असतात. मुंबई-पुण्याच्या रूढ ग्रंथव्यवहारात ज्यांना जागा नव्हती अशा लेखक-प्रकाशकांना अशा मेळाव्यांनी वाचक मिळवून दिला. दलित साहित्याच्या चळवळीनेही महाडचे नाव सहेतुक निवडले. १९७२ मध्ये येथे भरलेल्या दलित साहित्याच्या संमेलनाचे अध्यक्षपद बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्याकडे होते. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. १९९० नंतरच्या दशकात दलित स्त्रियांच्या संघटनांनी मनुस्मृतिदहनाचा २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला. १९२७ च्या परिषदेतील स्त्रियांच्या सहभागाची चर्चा खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाली. जुन्या चरित्रग्रंथांत तो विषय एखाद्या परिच्छेदापलीकडे जात नाही.

शासन या परिसरात उशिरा आले. परिषदेच्या स्मरणार्थ क्रांतिस्तंभ उभा राहिला. तळ्यापाशी आंबेडकरांचा पुतळा बसविण्यात आला व काठाचे बांधकाम आणि सुशोभन नगरपालिकेने वेळोवेळी केले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सभागृह व ग्रंथालय यांची सोय असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारक शहरात झाले. ज्या नगरपालिकेने १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला, तिच्याच अंगणात हे सर्व उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु वास्तू उभारणे आणि ती वर्षभर चालती ठेवणे यांत अंतर असते. महाडचा परिसर दोन दिवस ओसंडून वाहतो व उरलेल्या दिवसांत बाजारगावातील एक शांत तळे असतो. सभागृहात नियमित प्रयोग व्हावेत, ग्रंथालय अभ्यासकांना उपयोगी पडावे, १९२७ च्या परिषदांचे कागद, वृत्तपत्रांचे अंक व वृद्धांच्या आठवणी एकत्र जतन व्हाव्यात, यांसाठी लागणारा सातत्याचा खर्च समारंभाच्या खर्चाइतका सहज उपलब्ध होत नाही. लोकांच्या मंडळांनी जे विनाअनुदान टिकविले त्याला शासकीय वास्तूंनी पूरक व्हावे, त्याची जागा घेऊ नये, ही अपेक्षा रास्त म्हणावी लागेल.

येथे परदेशातील एका उदाहरणाची तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील सेल्मा या लहान शहरातून १९६५ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी मताधिकारासाठी मोर्चा काढला व पुलावर त्यांच्यावर पोलिसांनी हल्ला केला. तो पूल ओलांडण्याचा वार्षिक कार्यक्रम लोकांनी सुरू ठेवला, आणि सेल्मा ते मंटगमरी या मार्गाला तेथील काँग्रेसने १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. तेथेही प्रथम चाल आणि नंतर स्मारक असा क्रम दिसतो. आणि पाहुण्यांची वर्दळ असूनही गावाचे दारिद्र्य हटले नाही, हेही दिसते. महाडच्या बाबतीत शहराच्या अर्थव्यवस्थेला आधार मिळाला तो अन्य दिशांनी. खाडीतील आगबोटींची वाहतूक मागे पडून मुंबई–गोवा महामार्ग मुख्य झाला, शहराजवळ औद्योगिक वसाहत आली, आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवरील वीर हे स्थानक जवळ पडू लागले. मेळाव्याच्या दिवसांत उपाहारगृहे, रिक्षा, फुले व फळे यांचा धंदा होतो. पण तो हंगामी असतो व तळ्याभोवतीच्या दुकानदारांखेरीज इतरांना त्याचा लाभ कितपत होतो हा प्रश्न उरतो. तालुक्यातील बौद्ध वाड्यांतून आजही तरुण रोजगारासाठी मुंबई-ठाण्याकडेच जातात. ज्यांच्या नावाने परिसर ओळखला जातो त्यांची घरे मात्र त्या परिसरात नाहीत.

पूर हा महाडचा जुना सोबती आहे. सावित्री व गांधारी यांचे पाणी पावसाळ्यात बाजारपेठेत शिरते. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांत दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरील सावित्रीचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली, आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा प्रसंगी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी धान्य, कपडे व भांडी घेऊन महाडची वाट धरली. मेळाव्यासाठी बांधलेले जाळे मदतीच्या कामी आले. सांस्कृतिक परिसर टिकविणारे संबंध केवळ समारंभापुरते नसतात, याचा हा प्रत्यय होय. मात्र स्मारके, ग्रंथसंग्रह व कागदपत्रे पूररेषेचा विचार करून ठेवली गेली पाहिजेत, हा धडा शासनाने व संस्थांनी अद्याप पुरता गिरविलेला नाही.

महाडच्या रहिवाशांची तळ्याकडे पाहण्याची दृष्टीही पालटत गेली. १९२७ मध्ये जी घरे तळ्यावर पहारा देत होती, त्यांतील अनेक आता मूळ कुटुंबांच्या ताब्यात नाहीत. नळाचे पाणी आल्यावर तळ्याचा पिण्यासाठी वापर नाहीसा झाला. वीरेश्वराचा छबिना आणि २० मार्चचा मेळावा हे एकाच गावाचे दोन उत्सव वर्षातून थोड्या आठवड्यांच्या अंतराने येतात. एकात गावोगावच्या पालख्या देवळाकडे येतात, तर दुसऱ्यात गावोगावचे निळे ध्वज तळ्याकडे येतात. रस्ते बव्हंशी तेच असतात. सत्याग्रहाची शताब्दी २०२७ मध्ये येत असून मार्च आणि डिसेंबर अशा तिच्या दोन तिथी आहेत. मार्चची तिथी तळ्याशी व गावाच्या मध्याशी, तर डिसेंबरची गावाबाहेरच्या, फत्तेखानाने दिलेल्या जमिनीशी निगडित आहे. पहिली जागा कायद्याने सर्वांची होती आणि तेथे मार मिळाला. दुसरी एका खाजगी माणसाची होती आणि तेथे आसरा मिळाला.